कंडक्टर अण्णांचा ठराव

"पुढं सरका, पुढं सरका! पुढं सगळी गाडी रिकामी हाय!"

शाळेच्या पालक सभेत हा आवाज आला, की आम्ही बाकांवरून उठायचो. तुम्हीही अशा सभांना गेला असाल, तर जाणता की पालक नेहमी मागच्या बाकावर, दाराजवळ बसतो. आम्हीही तसेच. मग आमचे शेजारी अण्णा उभे राहायचे आणि बोटातल्या अंगठीनं लोखंडी बाकावर टक टक करायचे. बिदरकडच्या हुमनाबाद डेपोत ते कंडक्टर होते. तिकिटाचं मशीन आल्यावर तिकिटाला भोक पाडायचा हातातला जुना चिमटा गेला, पण तो बसच्या दांडीवर वाजवायची सवय बोटांत राहून गेली होती.

आमच्या गावची ही शाळा सिस्टरांची. चर्चला लागूनच तिचा हॉल. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना संपली, की त्याच हॉलमध्ये आमची सभा भरायची. ख्रिस्ती घरं थोडी. बाकी आम्ही हिंदू, बौद्ध, मुसलमान. फादर सुरुवातीला प्रार्थना म्हणायचे, तेव्हा अण्णा डोळे मिटून हात जोडायचे आणि शेवटी आमेनच्या जोडीला हळूच 'साधू साधू' म्हणायचे. अण्णांच्या घरी रोज बुद्धवंदना होई. फादरांनी हे एकदा ऐकलं आणि पुढच्या सभेला प्रार्थना संपल्यावर त्यांच्यासाठी क्षणभर थांबले. तेव्हापासून ते नेहमीच थांबू लागले.

मी एका ट्रॅक्टरच्या दुकानात हिशेब बघतो. म्हणून पालक मंडळाचं चिटणीसपण माझ्याकडे आलं आणि अण्णांनी मला 'मुनीम' हे नाव दिलं. "मुनीम, लिवा की! का झोप लागली?" हे ते प्रत्येक सभेत म्हणत, मी लिहीत असलो तरी.

त्या काळी आमच्या सभेत बोलायचे विषय ठरलेले असत. फी, रिक्षा, बुटांचा रंग, स्नेहसंमेलनाचं जेवण. एकदा मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वैतागल्या. त्या मंगळूरकडच्या, घरची भाषा कोकणी. त्या कन्नड आणि मराठी मिसळून बोलत. म्हणाल्या, "बुटाचं मी बघते. तुम्ही मला सांगा, मुलाच्या शिकण्याला मंडळ काय मदत करणार? शाळा सुटल्यावर मूल तुमच्याकडे असतं."

अण्णा उठले.

"सिस्टर, म्या ठराव मांडतो. आमची पोरं इथं इंग्लिश ऐकत्यात आन् घरी गेली की सगळं इसरत्यात. आजपासनं मंडळातल्या सगळ्या घरात इंग्लिशच बोलायचं. आलं तरी बोलायचं, न्हाई आलं तरी बोलायचं!"

सगळ्यांनी हात वर केले. फादरांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर काहीतरी म्हणणार होत्या, पण टाळ्यांत ते राहून गेलं. आम्हा सीमेवरच्या माणसांना वाटतं, की आपल्याला सगळ्या भाषा येतात. घरी मराठी, बाजारात कन्नड, मोटार स्टँडवर दखनी उर्दू. त्यात आणखी एक, काय अवघड आहे?

पुढचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. माझ्या घरात 'ईट', 'वॉश' आणि 'स्लीप' या तीन शब्दांवर संसार चालला. माझा मुलगा मात्र फार खूश होता, कारण त्याच्या आईला इंग्रजीत रागावता येत नव्हतं. अण्णांचं इंग्रजी बसमधलं. 'नो चेंज', 'हाफ तिकीट', 'लास्ट स्टॉप'. ताटं वाढून झाली की ते बायकोला, म्हणजे अक्कांना, 'कम' म्हणत. अक्कांनी एक दिवस माझ्या बायकोकडे तक्रार केली, "कम म्हणायलेत मला! म्या काय दारातलं कुत्रं हाय व्हय?"

अण्णांना एकच लेक. तिला ते 'माय' म्हणत. ती चौथीत होती. ते ड्युटीवरून येऊन न्हाणीत पाय धुवायला बसले, की ती दाराशी उभी राहून शाळा सांगायला लागायची. बाई काय म्हणाल्या, कोण रडलं, पानाला छिद्रं असतात आणि त्यातून झाड श्वास घेतं. अण्णा पायावर पाणी ओतत म्हणायचे, "मग?" ती आणखी सांगायची. "मग?" अक्का आतून ओरडायच्या, "आवो, पाय झिजतील! पोरीला जेवू द्या!" त्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून असल्यानं हा कार्यक्रम आम्हाला रोज ऐकू येई.

ठरावानंतर भिंतीपलीकडून फक्त पाण्याचा आवाज येऊ लागला.

पहिल्या दिवशी ती बोलायला लागली, तसे अण्णा म्हणाले, "इंग्लिश, माय, इंग्लिश." ती आत गेली, पुस्तक आणलं आणि एक पान घडाघडा वाचून दाखवलं. अण्णांना अभिमान वाटला. दोन-चार दिवसांनी ती पुस्तकही आणेनाशी झाली. घरातलं पोर शहाणं झालं, असं त्यांना वाटलं.

मग एक दिवस वर्गबाईंनी अण्णांना बोलावलं. मुलीला भागाकार अजिबात कळत नव्हता. वर्ग कधीचा पुढं गेला होता आणि ही मागं राहून फळ्यावरचं नुसतं उतरवत होती. आता वर्गात विचारलं तरी तोंड उघडत नव्हती. बाई म्हणाल्या, "हिला पुढच्या वर्गात कसं घालायचं, याचाच विचार करतेय. आधी अशी नव्हती. घरी काही झालंय का?"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं बोलणं आम्हाला पुन्हा ऐकू आलं.

"माय, तुला येईना तर सांगितलं कामून न्हाईस?"

मग बारीक आवाज.

"अप्पा, मला ते इंग्लिशमंदी सांगता येईना."

माझी बायको पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

पुढच्या सभेला अण्णांनी बाक वाजवला नाही. ते दाराजवळ, मागच्या बाकावर बसले. फादरांनी ठरावाचं कसं चाललंय, असं विचारलं. एक-दोन जण म्हणाले, "व्हेरी गुड, फादर." तेव्हा अण्णा उठून पुढं आले.

"फादर, ठराव म्या मांडला होता, म्याच मागं घेतो. मुनीम, लिवा. माझी लेक रोज माझ्याशी बोलायची. तिला इंग्लिश यावं, ह्या नादात म्या तिला मुकी केली. तिचं काय अडलंय ते मला कळंना, कारण सांगायची वाटच म्या बंद केली."

मग ते बाकांकडे वळले. "आपल्याला शिकवता येत न्हाई, हे खरं हाय. पर ऐकता तर येतंय का न्हाई? पोरानं दिवसभरात शिकलेलं घरच्या बोलीत सांगावं. आपण फक्त 'मग' म्हणावं. जितं त्याला सांगता येईना, तितं अडलंय. ते बाईंना येऊन सांगावं. एवढंच मंडळाचं काम."

मग मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्यात बी कुणी बोलंना झालंय." मग एकेक जण बोलू लागला. मोठ्या सिस्टर हसत होत्या, पण त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "माझी आई अजून फोनवर विचारते, आज काय शिकवलंस? मी कोकणीत सांगते. तिला कळलं, तरच मला वाटतं की मी नीट शिकवलं."

मोठ्यांनी चूक काढायची नाही, मध्ये बोलायचं नाही, फक्त 'मग?' म्हणायचं, असं ठरलं. ज्या घरी आई-बाप दोघं ढाब्यावर नाहीतर कारखान्यात उशिरापर्यंत कामाला, त्यांची मुलं चर्चच्या ओसरीवर बसू लागली. आम्ही मंडळाचे लोक पाळीनं ऐकायला जात असू. अण्णा आपल्या सुट्टीच्या दिवशी. त्यांना सवय एवढी जडली, की एकदा फादर वार्षिक अहवाल वाचताना श्वास घ्यायला थांबले आणि पहिल्या रांगेतून अण्णा मोठ्यानं म्हणाले, "मग?" फादरांची ओळच चुकली.

यानं मुलांचे मार्क किती वाढले, असं कुणी विचारलं तर मी आकडा सांगत नाही. त्याच वर्षी गणिताला नवीन बाई आल्या होत्या. कुणामुळे किती वाढले, हे वेगळं काढता येणार नाही. पण अडलेलं मूल वर्गबाईंना लवकर कळू लागलं, हे मी खात्रीनं सांगतो. आणि मायला भागाकार आला, हे मी भिंतीतून ऐकलं आहे. भागाकार समजावायला तिनं अण्णांना दोन पेरू कापायला लावले होते.

पुढं ती नर्सिंग शिकायला कलबुर्गीला गेली. संध्याकाळी तिचा फोन यायचा. अण्णा स्टँडवर असले, तर गाडीच्या दारात उभे राहून एका कानाला फोन लावत. आजूबाजूला "हैदराबाद, हैदराबाद" चाललेलं असे आणि हे म्हणत, "मूत्रपिंड म्हंजे? व्हय. मग?" ड्रायव्हर थट्टा करायचे, "अण्णा, डॉक्टर तुमी व्हणार का लेक?"

गेल्या वर्षी अण्णा गेले. सकाळी घरातच, छातीत कळ येऊन. दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या वंदनेला, आम्ही सगळे गेलो. फादर आणि मोठ्या सिस्टर सतरंजीवर मांडी घालून बसले होते. फादर आता थकलेत. त्यांना आम्ही खुर्ची देत होतो, ती त्यांनी घेतली नाही. वंदना झाली. माणसं पांगली, तरी अक्का भिंतीला टेकून तेच तेच म्हणत होत्या, "चांगला चहा पिला की गं. बोलत व्हते माझ्याशी. असं कसं झालं? मला कुणी सांगंना."

माय उठली आणि आईच्या समोर जाऊन बसली.

"आये, ऐक. काळजाला रगत न्हेणाऱ्या बारक्या बारक्या नळ्या असत्यात. त्यातली एक आतनं बुजत चालली व्हती. लई दिवसापासनं. अप्पाला बी कळलं न्हाई."

एवढं सांगून ती थांबली. तिला पुढचं सगळं सांगता येत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती थांबूनच राहिली, जणू कुणाची तरी वाट बघत होती. मी मान खाली घातली. माझी बायको पदराशी चाळा करत होती.

अक्कांनी डोळे पुसले आणि लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग?" त्या म्हणाल्या.