हौसाबाईंच्या वाकळेतला पाट

आज मी न विचारता एका बाईचे टाके उसवले. या ग्रुपवर सगळ्यांच्या चुका मीच दाखवते, म्हणून माझी चूकही इथेच लिहिणं भाग आहे.

सकाळी पलूसला आमच्या गल्लीच्या बागेत खुरपणी उरकली आणि आम्ही बायका आंब्याखाली वाकळ शिवायला बसलो. जुन्या लुगड्यांची ही वाकळ हौसाबाईंच्या नातीसाठी होती. ती आज सहाच्या एसटीनं म्हसवडला सासरी निघणार होती.

हौसाबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांची एक ओळ फारच वाकडी दिसली, ती मी कात्रीनं उसवून टाकली.

परतल्यावर त्यांनी वाकळेवरून हात फिरवला. "आवं बाई, माझा पाट कुठं गेला?"

"कसला पाट? ओळ वाकडी होती."

"पाट वाकडाच हाय आमचा! पोरगी त्यात खेळून मोठी झाली. चला, दावते. लय शिकलायसा, पर आमचं रान बघितलं न्हाई."

मेच्या उन्हात बांधावरून चालत गेलो. विहिरीचं पाणी पाटातून जांभळाला वळसा घालून उसात शिरत होतं, काठाला गारवा होता. परत येऊन, हौसाबाईंनी बोट फिरवलं तसे मी टाके घातले. "सरळ घालू नगा" म्हणून दोनदा बोलणीही खाल्ली.

वाकडं दिसलं की सुधारायची माझी सवय जाणार नाही. पण यापुढे आधी विचारीन. तुम्ही विचारता का?

पावणेसहाला थांब्यावर नातीच्या हाती दिलं: वाकळ एक, पाटासह; बागेतली गवार, पिशवीभर.

हौसाबाईंच्या हाती दिली: माझी कात्री.