मामांची बारी

मला एका जागी बसवत नाही. शाळेत शिक्षकांच्या बैठकीतसुद्धा माझा पाय हलत असतो. लहानपणी मी सुट्टीत अकोल्याला गेले की रजेवर आलेले मामा म्हणायचे, "ह्या पोरीले धरणात सोडून या. तिथं हिंडू द्या किती हिंडते ते."

मामा नौदलातली नोकरी संपवून अकोल्याला परतले, ते एक जुनी शिडाची होडी घेऊनच. ट्रकमधून होडी उतरताना सगळी गल्ली गोळा झाली होती. "होडी त आनली, पानी कुठी हाय?" असं जो तो विचारत होता. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीचा तो रास्त प्रश्न होता. पाणी गावाबाहेरच्या धरणात होतं. मामांनी मला तिथंच शीड धरायला शिकवलं.

यंदा त्यांनी तापीवरच्या एका मोठ्या धरणावरची शर्यत शोधून काढली. संध्याकाळी सुटायचं आणि सकाळपर्यंत काठाला न टेकता फेऱ्या मारत राहायचं. एका होडीत तीन माणसं, दोघं होडी चालवणार, एक झोपणार. तिसरे आमचे स्नेही भाई, मूर्तिजापूरला त्यांचं गाद्यांचं दुकान. त्यांनी होडीसाठी ताडपत्रीत शिवलेली खास कापसाची गादी बनवून आणली. इतर लोक होडीतलं वजन कमी करतात, आम्ही वऱ्हाडी माणसं गादी घालतो. मी चिडले, पण भाई ऐकेनात. "ताई, झोपाचं त चांगलं झोपा ना."

झोपेचा नियम मामांचा होता. बारी, म्हणजे पाळी, आली की झोपलेल्याला उठवायचं, हाका मारायच्या नाहीत, पायाचा अंगठा ओढायचा. पहिल्या तालमीत माझा अंगठा त्यांनी असा ओढला, की मी होडीतच उठून उभी राहिले आणि शिडाच्या दांड्यावर डोकं आपटून घेतलं.

अकोल्याच्या धरणात रात्री उतरायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही भर दुपारी रात्रीची तालीम करायचो. शेवटच्या तालमीला मामा डोळ्यांवर उपरणं टाकून गादीवर आडवे झाले आणि घोरू लागले. वारा छान होता. त्यांची बारी आली तसं मी भाईंकडे पाहिलं आणि भाईंनी माझ्याकडे.

"तुमी उठवा, भाई."

"म्या? बुजुर्ग मानूस हाय, ताई. पायाचा अंगठा कसा ओढू? झोपू द्या. थकले हायेत."

मलाही ते पटलं. ज्या पायांवर दिवाळीला डोकं ठेवायचं, त्यांचा अंगठा ओढायचा कसा? त्यांची बारी मी केली, पुढची भाईंनी. मामा उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी काठावरच्या लांब सावल्या पाहिल्या.

"मले कावून नाही उठवलं?"

"तुमची झोप लागली होती, मामा."

"मंग? झोपाले आलो होतो काय मी? मले देव्हाऱ्यातल्या देवावानी बसवून राहिले काय तुमी?" मग आवाज एकदम खाली आला. "उठवत नसान त नेऊ नका मले."

काठावर येताच ते उतरले आणि मागे न पाहता गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, "दुसरा मानूस पाहा."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! मी दोन दिवस घरात आदळआपट केली. वर्गात मुलांवर खेकसले. राग ओसरल्यावर नुसती भीती उरली. तिसरा माणूस मिळालाही असता, पण मला ती शर्यत दुसऱ्या कुणाबरोबर नकोच होती. आणि मामा एकदा घरी बसले की बसलेच, हे मला ठाऊक होतं.

रविवारी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. अर्धा रस्ता मी दारातच उभी होते. मामांच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. मामींनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागला हाय. उठवू नको. आमी कोनीच उठवत नाही आता त्याहीले. बस, चहा टाकते."

मी बसले, उठले, पुन्हा बसले. कूलर घरघरत होता. मामा कुशीवर झोपले होते, पाय चादरीबाहेर. नोकरीतून आल्यापासून सगळं घर त्यांना असंच जपत होतं. दार हळू लावायचं, टीव्ही बारीक करायचा. पहिल्यांदाच मला त्या जपण्याचा राग आला.

मी त्यांच्या पायांशी वाकले. मामींना वाटलं, नमस्कार करतेय. मी अंगठा धरला आणि जोरात ओढला.

"अवं!" मामी ओरडल्या.

"उठा मामा. तुमची बारी."

ते ताडकन उठून बसले. डोळे अजून मिटलेलेच होते, पण हात मात्र गादीच्या कडेला दोर शोधू लागला.

"वारा कुठून हाय?" त्यांनी विचारलं.

मी कूलरकडे पाहिलं.

"पश्चिमेचा," मी म्हणाले.