आत्याने ॲप बदललं

आत्याचा दिवस दुसऱ्यांच्या दातांत जायचा. एका तळघरातल्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवत, ती त्यांत प्लास्टर ओतून साचा काढी, मेणात एकेक दात बसवी आणि तयार कवळी डबीत घालून परत धाडी. कितीतरी माणसं तिच्या जिवावर चावून खात होती, पण त्यांतल्या एकाचंही तोंड तिनं पाहिलं नव्हतं. दादाची मुलं तिला आत्या म्हणत. ते ऐकून कामावरचेही आत्याच म्हणू लागले, आणि तिच्या खऱ्या नावाला बँकेपुरतंच काम उरलं.

लग्न राहून गेलं होतं. एक खोली, एक खिडकी, आणि फोनमध्ये नोंदींचं एक ॲप. त्यात सगळ्यांचं सगळं होतं. दादा-वहिनींचे वाढदिवस, त्यांच्या मुलांच्या परीक्षा, धाकट्या बहिणीच्या लग्नाची तारीख, बहिणीच्या मुलाला कुठलं औषध सोसत नाही ते. तारखांना घंटी लावलेली. घंटी वाजली की आत्या फोन करी. "हिच्या लक्षात सगळं राहतं," असं घरचे कौतुकानं म्हणत.

एके दिवशी त्या ॲपनं कळवलं की ते बंद होतंय, आपापल्या नोंदी घेऊन जा.

आत्या नवं शोधायला लागली. पहिलं ॲप नोंद लिहू देण्याआधीच ती कुठल्या कप्प्यात ठेवायची ते विचारी. "आधी लिहू तर दे बाबा," म्हणून तिनं ते काढून टाकलं. दुसरं उघडलं की म्हणे, तुमच्या टीममधल्या लोकांना बोलवा. आत्यानं दादाचा नंबर टाकला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खोडला. तिसरं हुशार होतं. नोंदी वाचून आपणच सारांश काढायचं. तिच्या नोंदी वाचून त्यानं लिहिलं, 'तुम्ही मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या गृहिणी दिसता. घरात सतत वर्दळ असते.' आत्याला आधी हसू फुटलं. मग तिनं खोलीतून एकदा नजर फिरवली आणि तेही काढलं.

"आत्या, अजून जमलं नाही?" कवळीच्या हिरड्यांना रंग देणारा सहकारी म्हणाला. त्याला सगळे रंगारीच म्हणत. "एवढं काय बघायचं त्यात? स्थळ बघतेस का?"

"स्थळं नाकारताना घाई केली रे. आता तरी सावकाश बघू दे."

शेवटी तिला एक साधंसुधं ॲप पसंत पडलं. कोरं पान, वर शोधायची चौकट, आणि नोंदी आपल्याच फोनमध्ये. जुन्यातलं सगळं तिनं नव्यात आणलं. अक्षर न् अक्षर आलं. घंट्या तेवढ्या आल्या नाहीत, आणि ते तिच्या ध्यानात आलं नाही.

आठवडे गेले. फोन गप्प. आत्याला वाटलं, सगळं आलबेल असेल. मग एकदा डॉक्टरचा नंबर शोधताना दादाचं पान उघडलं, तर त्यावर घंटीच नव्हती. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता. तिनं लगेच फोन लावला.

"दादा, चुकले रे मी."

"काय झालं? पैसेबिसे हवेत का?"

"नाही रे. तुझा वाढदिवस विसरले."

"हात्तिच्या! मला वाटलं काय झालंय. अगं, माझ्याही लक्षात नव्हतं. बरं, मी गाडी चालवतोय. ठेवू?"

आत्यानं बाकीची पानं चाळली. वहिनीचा वाढदिवस हुकला होता, भाचीची परीक्षा संपली होती. कुणी रागावलं नव्हतं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. आपण फोन केला नाही, तर कुणाचाच आला नाही, हे तिला आत्ता कुठे उमगलं. हट्टानं तिनं घंट्या लावल्याच नाहीत. बघू तर खरं, कोण फोन करतं ते.

बऱ्याच दिवसांनी धाकटीचा आला.

"ताई, याला ताप आहे. दवाखान्यात बसलोय. ते न चालणारं औषध कुठलं गं?"

आत्यानं क्षणात सांगितलं.

"तू आहेस म्हणून बरं. चल, ठेवते."

"थांब. जरा बोल ना माझ्याशी."

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. उगाच."

पलीकडे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. आत्या घाईघाईनं सांगू लागली. आज एका म्हाताऱ्या बाईंचा ठसा आला, समोरच्या दोन दातांत फट ठेवा अशी चिठ्ठी होती. नवऱ्याला ती फट आवडायची म्हणे.

"अय्या! मग ठेवलीस?"

"ठेवली की."

"छान केलंस," धाकटी म्हणाली. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी नंबर पुकारला. "आमचाच नंबर. नंतर करते हं ताई."

आत्या वाट बघत बसली. तो फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी नुसता निरोप आला, ताप उतरला म्हणून.

रविवारी ती खिडकीशी बसली आणि एकेक घंटी हातानं पुन्हा लावत गेली. दादापाशी बोट जरा अडलं. मग त्याचीही लावली. गाडी चालवताना का होईना, 'काय झालं' असं त्यानं दचकून विचारलं होतं.