हजेरीत वाचलेलं कार्ड

दुपारची जेवणं झाली की आमच्या घरात मोबाईल तांब्याला टेकून उभा राहतो आणि त्यात तो येतो. तो म्हणजे टीव्हीवरच्या एका जुन्या पोलिसी मालिकेतला इन्स्पेक्टर. मालिका बंद पडून कैक वर्षं झाली, पण आता सगळे भाग मोबाईलवर फुकट मिळतात. मी साठी ओलांडलेली बाई, पोलिसाची बायको, आणि अजूनही त्याचा भाग लागला की पदर सारखा करते. नवऱ्याला जन्मभर अहो-जाहो केलं आणि या परक्या माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. सून हसते. म्हणते, "आई, तुमचा इन्स्पेक्टर आता गुडघ्याच्या तेलाची जाहिरात करतो." करू दे की. ते तेल मी मागवलंय.

त्याच्यात एवढं काय होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दिसायला काही राजबिंडा नव्हता, नाक तर चांगलंच मोठं. पण तो खोलीत आला की आधी टोपी काढून टेबलावर ठेवायचा, मग खुर्ची ओढायचा, आणि आवाज न चढवता समोरच्याशी बोलायचा. पोलीस लाइनीत आम्ही आठ-दहा बायका एकीच्या खोलीत टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसायचो. बाहेर दोरीवर आमच्याच नवऱ्यांचे खाकी कपडे वाळत असायचे आणि आत आम्ही त्याच्या शर्टाची कडक इस्त्री बघून हळहळायचो. आम्ही खऱ्या पोलिसांच्या बायका होतो. गुन्हा अर्ध्या तासात उघडकीला येत नाही, पंचनाम्याला पंच मिळता मिळत नाहीत, जीपला बरेचदा डिझेल नसतं, हे सगळं आम्हाला पाठ होतं. तरी भुललो. आता सोळा-सतरा वर्षांची पोरंही त्याचे तुकडे एकमेकांना पाठवतात म्हणे, तेव्हा निदान आम्ही एकट्याच खुळ्या नव्हतो एवढं समाधान.

आमचे हे तेव्हा शिपाई होते. पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू घरातले, दहावी झाल्यावर भरती झालेले. अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. अकोले तालुक्यात होतो तेव्हा भंडारदऱ्याच्या बंदोबस्तावरून भिजून यायचे आणि शिंकत शिंकत पुन्हा निघायचे. मग बदली झाली ती पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डीच्या अंगाला. तिथंच ही गोष्ट घडली.

एका गावच्या यात्रेला ह्यांचा बंदोबस्त होता. संध्याकाळी घरी आले तर डावा गाल सुजलेला. मी बघितलं, त्यांनी मी बघितल्याचं बघितलं, आणि म्हणाले, "ऊन लागलं." एकाच गालाला ऊन लागतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी काही बोलले नाही, जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीनं खरं काय ते सांगितलं. तिचा नवराही त्याच बंदोबस्तावर होता.

"भर यात्रेत एका मानसानं भावजींच्या थोबाडीत दिली की वो. आन् भावजी नुसते हुबे. हातात काठी असून हुबे."

नळावर चार बायका होत्या. चौघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझं डोकं तसं मुळातच तापट, पण त्या दिवशी जे तापलं ते भलत्याच दिशेला. ज्यानं मारलं त्याचा राग यायला हवा होता. मला राग आला तो ह्यांचा. वर्दीत असून मार खाल्ला आणि मान खाली घालून घरी आले, उन्हाची थाप मारून माझ्या हातची भाकरी खाल्ली. घरी जाऊन विचारावं, काय झालं, का झालं, लागलं का, हे मनातसुद्धा आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की ह्यांच्या जागी टीव्हीतला तो असता तर?

भाग संपला की प्रेक्षकांनी पत्रं पाठवावीत म्हणून पडद्यावर पत्ता यायचा. तो मी कॅलेंडरच्या मागे केव्हाच उतरवून ठेवला होता. त्या दुपारी मी इनलँड पत्र घेतलं आणि लिहायला बसले. काय काय लिहिलं ते सगळं आठवतं. न आठवतं तर बरं झालं असतं. माझे यजमान तुमच्याच खात्यात आहेत असं लिहिलं, जणू तो खरोखरच खात्यात होता. मग लिहिलं की त्यांना भर गर्दीत एकानं मारलं, त्यांनी हात उचलला नाही, ते भित्रे आहेत, मला लाइनीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि शेवटी, तुम्ही असता तर काय केलं असतं ते कळवावं.

खाली आमचा पत्ता लिहिला. पोलीस लाइनीतलं टपाल पोस्टमन घरोघर वाटायचा नाही, गठ्ठाच्या गठ्ठा ठाण्यात टाकून जायचा. म्हणून आम्ही बायका पत्त्यात नवऱ्याचं नाव, त्याचा पट्ट्यावरचा बक्कल नंबर आणि ठाणं असं लिहायचो. सकाळच्या हजेरीत रांगा लागल्या की हजेरी घेणारे हवालदार नंबर पुकारत आणि ज्याचं त्याचं टपाल हातात देत. माहेरची पत्रं मला तशीच मिळत होती. हातानं सवयीनं तोच पत्ता लिहिला. उत्तर कुठून कुठून फिरून माझ्यापर्यंत येईल याचा विचारच केला नाही, कारण उत्तर येईल असं खरं तर वाटलंच नव्हतं.

उत्तर आलं. दीडेक महिन्यानं, आणि ते उघड्या पोस्टकार्डावर आलं. कार्ड म्हटल्यावर ते कोणीही वाचणार, आणि खाली त्याची सही बघितल्यावर हवालदार ते मनातल्या मनात थोडेच वाचणार. त्यांनी भर हजेरीत, दोन रांगांपुढे, मोठ्यानं वाचलं. शेजारणीच्या नवऱ्यानं तिला सांगितलं, तिनं मला. कार्ड नंतर मीही इतक्यांदा वाचलं की आजही घडाघड म्हणून दाखवीन.

"ताई, आपलं पत्र मिळालं. आपल्या यजमानांना यात्रेत कुणी मारलं आणि त्यांनी हात उचलला नाही, म्हणून आपण त्यांना भित्रे म्हणता. मी काय केलं असतं असं विचारता. माझं काम सोपं आहे. मला मारणारा माणूस नंतर माझ्याबरोबर चहा पितो. आपल्या यजमानांनी हात का उचलला नाही, ते त्यांनाच विचारा."

शेवटच्या दोन ओळींपर्यंत हजेरी पोचलीच नाही म्हणे. 'भित्रे'वरच सगळे फुटले. हे दुसऱ्या रांगेत उभे होते. नंबर पुकारला तसे पुढे गेले, कार्ड घेतलं, खिशात घालून वर बटण लावलं आणि दिवसभराच्या ड्युटीवर गेले. संध्याकाळी ते ओट्यावर ठेवत म्हणाले, "तुझं टपाल." बस्स. आणि हात-पाय धुवायला गेले.

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कार्ड हातात आल्यावर मला आधी आनंद झाला. त्याचं अक्षर, त्याची सही, मला त्यानं 'ताई' म्हटलेलं. हे मोरीत होते आणि मी दाराशी उजेडात ते कार्ड उलटंपालटं करून बघत होते. लाज त्यानंतर वाटली, तीसुद्धा हवालदारांनी वाचल्याची, मी लिहिल्याची नव्हे. हवालदारांना मी आठवडाभर शिव्या घातल्या. पण ह्यांची माफी मागितली नाही. आणि त्यानं सांगितलेलं एक साधं काम केलं नाही. किती मोठ्या मनाचा माणूस, स्वतःचा जरासुद्धा बडेजाव नाही, असं म्हणून त्याच्यावर आणखीच जीव लावला.

लाइनीत मग ते वाक्यच होऊन बसलं. ह्यांची रजा नामंजूर झाली, ह्यांच्या बुटाचा तळ निघाला, ह्यांना कुणी काही बोललं, की कोणीतरी म्हणायचं, "वहिनींना सांगा, पत्र टाकतील." बदल्या झाल्या तसं ते ठाण्याठाण्यातून आमच्या आधी पोचायचं. हे शिपायाचे हवालदार झाले, पुढे सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात एका साहेबांनी माईकवरून तोच किस्सा सांगितला. मंडप हसला. शाल आणि नारळ मांडीवर घेऊन हे हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते. मीही हसले, कारण न हसणं फार दिसलं असतं.

परवाची गोष्ट. आम्ही दोघं दुपारी बघत होतो. हेही बघतात आताशा, चुका काढत काढत का होईना. "आरोपीला असं धरलं तर हिसडा मारून पळल," वगैरे. आणि एकदा बसले की संपेपर्यंत उठत नाहीत. त्या दिवशीच्या भागात यात्रा होती, गर्दी होती, एक पोरगी हरवली होती. तो टोपी काढून तिच्या आईसमोर बसला होता. एवढ्यात हे उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी मोबाईल पालथा घातला आणि मागोमाग गेले. का कोण जाणे, इतक्या वर्षांत ओठांवर न आलेला प्रश्न त्या क्षणी आला.

"अहो, यात्रेत तुम्हाला त्या माणसानं का मारलं होतं?"

ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं, तिकडेच बघत बोलले.

"त्याची पोरगी हरवली व्हती. चार वर्साची. ती बंदोबस्ताच्या दोरीच्या पल्याड, त्यो अल्याड. पुढाऱ्याची गाडी यायची व्हती, दोरी सोडायची न्हाई असा हुकूम व्हता. त्यो रडत व्हता, हात जोडीत व्हता. मी म्हनलं, थांबा जरा. लई येळ थांबीवलं म्या त्याला."

"मग?"

"मग दिली त्यानं. बराबर दिली. म्या दोरी सोडली, आन् त्याच्यासंगं मीबी हुडकाया गेलो. नोकरी जाती तर जाऊ दे म्हनलं."

"सापडली?"

"सापडली. पाळण्याच्या खांबाला धरून हुबी व्हती, मुतली व्हती भ्यानं. त्यो बाप माझ्या पाया पडाय लागला. काय पडतो म्हनलं माझ्या पाया, उशीर तर मीच केला."

तो गाल सुजलेला, ते ऊन लागल्याचं सांगणं, मी एक शब्द न बोलता वाढलेली भाकरी, सगळं एकदम अंगावर आलं. ह्या माणसानं ते कार्ड दिवसभर खिशात बाळगलं होतं. नंतर वर्षानुवर्षं ते वाक्य ऐकून घेतलं होतं, मांडवभर लोकांत हसला होता. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. माझं तर नक्कीच.

मी रडत होते हे त्यांना कळलं असावं. मी कसंबसं म्हटलं, "अहो, मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तेव्हा कुठे हे वळले. रागानं नाही, हजेरीत नंबर सांगावा तसं सरळ म्हणाले,

"तू मला कुठं इचारलंस. त्याला इचारलंस."