मोहाखालचा वर्ग

धानोऱ्याच्या आमच्या छोट्या खासगी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाई भांडायच्या आधी पदर कमरेला खोचतात. मी प्राचार्य, तरी मला त्या पदराची धास्तीच वाटते.

मोहफुलं पडू लागली की पोरं सकाळीच वेचायला जंगलात जातात आणि बाकं ओस पडतात. यंदा संस्थेचे अध्यक्ष नेमके तेव्हाच आले. बाईंच्या तासाला रिकामी खोली पाहून मला म्हणाले, "हा विषय बंद करा."

बाईंनी पदर खोचला. "चला नं साहेब, वर्ग पाहून येऊ."

मोहाखाली पोरं वाकून फुलं वेचत होती. बाईही वेचायला बसल्या आणि चिमूरच्या बेचाळीसच्या लढ्यावर एकेकाला प्रश्न विचारू लागल्या. मान वर न करता पोरं उत्तरं देत होती.

अध्यक्ष उभेच होते. बाईंनी एक टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा नं साहेब. भर वर्गात उभे काऊन राह्यले?"