सक्रूबाईंची सही

ग्रामसभेत सरपंच सक्रूबाईंसमोर ठरावाचा कागद आणि पेन ठेवलं गेलं. राखीव जागेमुळे आमच्या गावात पहिल्यांदाच एक कातकरी बाई सरपंच झाली होती. मी शाळेतला मास्तर, इतिवृत्त लिहायला बसलो होतो. ठराव होता डोंगर खाणीला देण्याचा.

उपसरपंच सक्रूबाईंच्या खुर्चीला खेटून मागे उभे होते. "सक्रू, सही कर. वेळ नको लावूस."

सरपंचांना असं एकेरीत बोललेलं कुणालाच खटकलं नाही. राज्यघटनेतलं आरक्षणाचं कलम मी दरवर्षी मुलांना शिकवतो, तेव्हा ते किती सोपं वाटतं! मानेवर असा कुणाचा श्वास झेलत त्या खुर्चीत बसावं लागतं, हे त्या धड्यात नाही.

"मास्तर, आधी वाचून दाखवा," सक्रूबाई म्हणाल्या.

उपसरपंचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी पुटपुटत वाचू लागलो.

"मोठ्यानं वाचा. आमची पाड्यावरची माणसं मागं बसलीत."

मी उभा राहून मोठ्याने वाचलं. मागून एकेक आवाज उठला, "नको, डोंगर द्यायचा नाही." सक्रूबाईंनी सही केली नाही.

सभा संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, घरापर्यंत सोबत याल का?"

मी हो म्हणालो. वाटेत आम्ही दोघंही सारखे मागे वळून पाहत होतो.