वहिनीनं पाहिलेली कुस्ती

सयाजी पैलवानाचा फोटो भिंतीवर लागणार अशी बातमी गावात आली, तेव्हा पेढे वाटत हिंडणाऱ्या पोरांना त्यानं पहिला प्रश्न टाकला, "आरं, मी जित्ता हाय अजून, ठावं हाय ना तुमाला?"

त्याचंही बरोबर होतं. आपल्याकडे माणूस भिंतीवर हार घालूनच जातो. पण २००३ साली जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या काही जाणत्यांनी ठरवलं, की खेळ सोडलेल्या नामांकित पैलवानांचा आणि कबड्डीपटूंचा मान ते हयात असतानाच करायचा. नारायणगावाजवळच्या एका जुन्या तालमीला लागून त्यांनी एक लांबट खोली बांधली आणि तिला 'गौरव दालन' नाव दिलं. खोलीत जायची वाट तालमीच्या दारातूनच, हौद्याच्या कडेकडेनं.

फोटोचं कौतुक सयाजीला होतंच, नाही कशाला म्हणा. पण त्याच्या मनात दुसरंच घोळत होतं. त्याला त्या दिवशी वहिनीला तिथं न्यायचं होतं. आपण आयुष्यभर काय केलं ते तिला एकदा तिच्या डोळ्यांनी बघू दे, एवढीच त्याची इच्छा होती.

वहिनी म्हणजे लंकाबाई. सयाजीची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि त्याच उन्हाळ्यात थोरल्या भावाशी, गोरखशी, लग्न करून ती घरात आली. स्वतः पंधरा वर्षांची. शेंबूड पुसायचा कुणी आणि ओरडायचं कुणी असा प्रश्न उरलाच नाही, दोन्ही कामं तिच्याकडे आली. दीर केवढाही असो, त्याला नावानं हाक मारायची नाही, म्हणून ती त्या चिमुरड्याला "भावजी, चला अंघोळीला" म्हणायची आणि कान धरून न्यायची.

पुढे सयाजीला तालमीचा नाद लागला. घरात म्हैस एकच होती. पहिला तांब्या सयाजीचा, हे लंकाबाईनं ठरवून टाकलं. तिचा स्वतःचा पोरगा भरत कुरकुरायचा, "काकाला दूध आन् मला च्या?" त्यावर ती म्हणायची, "काका मातीत जातोय. तू कुटं जातोस?"

जत्रेतून तो परत आला, की ती काही विचारायची नाही. पाणी तापवायची आणि मुकाट्यानं पाठीवर ओतायची. पाठीला लाल माती दिसली, की काय झालं ते तिला कळायचं. त्या दिवशी भाकरीवर तुपाची धार जास्त पडायची. कुस्ती मारून आला असेल तर मात्र त्याची खैर नसे. "जिकलात न्हवं? मग वैरण टाका जा," असं म्हणून ती त्याला गोठ्यात धाडायची.

आणि एवढं सगळं करून तिनं कुस्ती म्हणून पाहिली नव्हती. जत्रेत बायकांनी देव बघायचा, बांगड्या भरायच्या आणि घरी येऊन पुरणाला लागायचं. फडाकडं बायका फिरकत नसत. लांबून हलगी ऐकू यायची, ती ऐकत ती पोळ्या लाटायची. हलगी मध्येच थांबली, की हिचं लाटणंही थांबायचं.

आता भाऊ राहिला नव्हता. वहिनी थकली होती, पण गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डाळीतला खडा तिला दारातून दिसायचा. सयाजीला वाटलं, आता नाही तर कधी नाही.

ठरल्या दिवशी दोघं जीपमधून उतरली. तालमीच्या दाराशी येऊन लंकाबाई थांबली ती थांबलीच.

"मी न्हाई आत यायची. मारुतीचं ठाणं हाय."

दालनाच्या समितीतला सुनील म्हणाला, "आजी, आता तसं काय नाय. आवो, फीत कापायला सभापती बाईच यायच्यात."

"त्यांचं त्या बघतील. माझ्या पायानं आतल्या पोरांचं काय वंगाळ झालं, तर कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"वहिनी, माझ्यासाठी तरी चला," सयाजी म्हणाला.

"तुमच्यासाठीच आले न्हवं हितवर? जावा तुमी." असं म्हणून ती समोरच्या चिंचेखाली बसली, आणि तिनं पिशवीतून पानाची चंची काढली. म्हणजे विषय संपला.

सयाजी आत गेला. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला, फोटोवरचा पडदा बाजूला झाला. टाळ्या वाजल्या. त्याचं लक्ष दाराकडे होतं.

शेवटी सलामी होती. जुन्या जोडीनं हौद्यात उतरून नुसता हाताला हात लावायचा, एवढंच. सयाजीची जोड म्हणजे आंबेगावचा गेणभाऊ. दोघांनी एकमेकांना इतक्या जत्रांत लोळवलं होतं, की कोण सरस यावर दोन तालुक्यांत अजून वाद चालतो. गेणभाऊ सदरा काढून हौद्यात उतरणार, तेवढ्यात सयाजीनं त्याचा दंड धरला.

"हितं नगं. भाईर चल."

"का रं? खूळ लागलं का?"

"वहिनी भाईर हाय."

गेणभाऊनं मान डोलावली. कुस्ती झाल्यावर दोघं एकाच ताटात जेवायचे, आणि ते ताट लंकाबाईनं वाढलेलं असायचं. तो आधी बाहेर निघाला. हलगीवाला मागं, त्याच्यामागं सुनील, मग सभापती बाई, मग आतली सगळी माणसंच चिंचेखाली आली.

दोघा म्हाताऱ्यांनी काष्टे खोचले, शड्डू ठोकले. हलगी कडाडली. हाताला हात लागला, आणि तिथंच थांबायचं ठरलेलं होतं. पण लोकांच्या आरोळ्यांनी गेणभाऊला चेव आला. त्यानं सयाजीची मान दाबली, कमरेला हात घातला आणि बघता बघता त्याला गुडघ्यावर आणून पाठीवर भार टाकला. खालून सयाजी हसतच होता, पण चेहरा लालबुंद झाला होता.

"आरं ए मुडद्या, सोड!"

लंकाबाई उठली होती. चंची कुठं पडली याचं भान नव्हतं. माणसं सारत ती पुढं घुसली आणि गेणभाऊच्या उघड्या पाठीत तिनं दोन गुद्दे घातले.

"सोड म्हणते ना! माझ्या पोराला मारतोस व्हय रं?"

"वहिनी, आवो मी गेणू! खेळ हाय ह्यो!" गेणभाऊ बाजूला होत ओरडला, आणि माणसं पोट धरून हसली. सभापती बाईंनीही तोंडाला पदर लावला.

सयाजी हसला नाही. तो गुडघ्यावर तसाच राहिला. त्यानं आज वहिनीचे उपकार बोलून दाखवायचे म्हणून चार दिवस मनाशी भाषण जुळवलं होतं. त्यातला एक शब्द आता त्याला आठवेना.

लंकाबाई त्याच्या खांद्यावरची धूळ पदरानं झटकत होती. "असं चालायचं व्हय रं तितं? मान मोडली असती तर? असलं खेळायला मी तुला दूध पाजलं व्हय?"

"व्हय, आये," तो म्हणाला आणि त्यानं तिचे पाय धरले.